नोंदीचा धागा : जऊळक्यातून फौजदारी अभिलेखांकडे निघणाऱ्यांसाठी प्रस्तावना

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेने निघाले की वाशिमच्या आधी जऊळका लागते. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव. या गावाच्या नावाने पोलीस ठाणे आहे आणि आसपासच्या अनेक खेड्यांचा फौजदारी कारभार तिथून चालतो. अशा भागात पोलिसांची गाडी येऊन कुणाला घेऊन गेली, तर ती बातमी अर्ध्या तासात पानठेल्यावर पोहोचते. कोणाला नेले, कशासाठी नेले, काय सापडले, सगळे बोलले जाते. पुढे काही वर्षांनी त्याच माणसाच्या खटल्याचा निकाल लागतो. तो सुटतो किंवा त्याला शिक्षा होते. ती बातमी मात्र फार तर त्याच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. अटक सगळ्या गावाला ठाऊक असते, निकाल कुणालाच ठाऊक नसतो.

ही दरी कशी भरायची, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे. गुन्ह्याची पहिली नोंद, अटकेची नोंद, तपासाचा शेवट, न्यायालयातील रोजनामा आणि निकालपत्र हे सगळे एकाच धाग्यात ओवलेले कागद आहेत. ते कुठे असतात, त्यांतले कोणते कोणालाही पाहता येतात, कोणते मागावे लागतात आणि कोणते झाकलेलेच राहायला हवेत, हे शिकायला वकिलीची सनद लागत नाही. गावातला वार्ताहर, कायद्याचा विद्यार्थी, समाजशास्त्राची संशोधक किंवा भावाच्या पेशीची तारीख शोधणारी बहीण, या सर्वांचे इथे स्वागत आहे.

आधी प्रश्न येतो अधिकाराचा. दुसऱ्याच्या खटल्याचे कागद आपण का पाहावेत? याचे उत्तर न्यायदानाच्या स्वरूपातच आहे. फौजदारी खटला शासन चालवते, म्हणजे आपल्या सर्वांच्या नावाने चालवते. म्हणून न्यायालयाचे दार उघडे असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२७ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ही हेच सांगते. मुंबईत एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष छापू नये असा आदेश झाला, तेव्हा पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. खुली सुनावणी हा नियम आहे, मात्र न्यायाच्या हितासाठी त्याला क्वचित अपवाद करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असे त्यात म्हटले होते. मिरजकर हरले, पण त्यांच्या खटल्याने नियम आणि अपवाद या दोन्हींची जागा निश्चित केली. आपल्या अभ्यासातही ही दोन्ही टोके कायम सोबत ठेवायची आहेत.

अटकेच्या नोंदी उघड असण्याला याहून गंभीर कारण आहे. ज्याची अटक कुठेच लिहिलेली नाही, त्याचे काय झाले हे कुणालाच सांगता येत नाही. संविधानाचे कलम २२ म्हणते, की अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे हक्क कागदावर राहू नयेत म्हणून पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. अटकेचा मेमो जागेवर करावा, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही असावी, नातेवाइकाला कळवावे आणि नियंत्रण कक्षाच्या फलकावर माहिती लावावी, हे दंडक त्या निकालाने घालून दिले. आज नव्या संहितेचे कलम ३७ त्याहून पुढे गेले आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी यासाठी नेमायचा असतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवण्याची जबाबदारी त्याची. ती माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेही, प्रदर्शित करायची असते. म्हणजे जऊळक्याच्या ठाण्यात जाऊन ‘अटकेचा फलक कुठे आहे आणि त्याचे नेमलेले अधिकारी कोण?’ असे विचारणारा माणूस कुणाची मेहेरबानी मागत नसतो. ठाणेदारांशी अदबीने बोलावे, पण कलमाचा आकडा लक्षात ठेवून बोलावे.

आता कागदांचा भूगोल पाहू. पहिली नोंद जऊळक्याच्या ठाण्यात होते. तिथून ती मालेगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. खुनासारखा सत्र न्यायालयाने चालवायचा गुन्हा असेल, तर प्रकरण वाशिमच्या जिल्हा व सत्र न्यायालयाकडे सोपवले जाते. मालेगावच्या निकालावरील अपीलही तिथेच जाते. सत्र न्यायालयाच्या निकालावरील अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. जुन्या नोंदी शोधणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या प्रकरणांचा माग काढताना अकोल्याचे दारही ठोठावावे लागते. त्याच्याही मागे गेल्यास वऱ्हाडात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि १९०५ च्या फेररचनेत तो मोडून वाशिमचा भाग अकोल्याला जोडला गेला. ‘जिल्हा’ या रकान्यात कोणत्या साली काय लिहिले असेल, हे ठाऊक नसलेल्या संशोधकाचे महिने वाया जातात. आणखी एक साधी सावधगिरी : ऑनलाइन शोधात नुसते ‘मालेगाव’ टाकले तर नाशिक जिल्ह्यातले मोठे मालेगाव समोर येण्याचा संभव असतो. आधी वाशिम जिल्हा निवडावा, मग न्यायालय.

धाग्याचे पहिले टोक म्हणजे प्रथम खबर अहवाल, बोलीभाषेत एफआयआर. तो एकदा सावकाश वाचून पाहावा. हा पंधरा रकान्यांचा ठरलेला नमुना आहे. पहिल्या रकान्यात जिल्हा, ठाणे, वर्ष आणि क्रमांक. विदर्भात याला अपराध क्रमांक म्हणतात, राज्यात इतरत्र गु.र.नं. दरवर्षी क्रमांक एकापासून सुरू होतो, म्हणून नुसता आकडा कामाचा नाही. ठाणे, आकडा आणि साल ही तिन्ही हवीत. पुढे कायदा आणि कलमे. त्यानंतर घटना केव्हा घडली, ठाण्यात खबर केव्हा आली आणि ठाणे दैनंदिनीत ती कोणत्या नोंदीने चढली. घटनास्थळाच्या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर लिहिलेले असते. ‘पूर्वेस ९ कि.मी.’ एवढ्याच शब्दांतून त्या रात्री कुणाला किती चालावे लागले असेल, हे कळते. आणखी खाली एक रकाना आहे : खबर देण्यास विलंब झाल्याचे कारण. शेतातल्या वस्तीवरून निघालेली, आधी सरपंचाकडे आणि मग ठाण्यात पोहोचलेली बाई या एका रकान्यात दोन शब्दांची होऊन जाते. खटल्यात मात्र उलटतपासणी अनेकदा याच दोन शब्दांवर उभी राहते. जाणता वाचक मजकुराआधी हे बारीक रकाने वाचतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले. खबर देणाऱ्याला अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, आणि नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये पीडित व्यक्तीचाही उल्लेख आहे. बाकीच्यांसाठी महत्त्वाचा ठरतो तो यूथ बार असोसिएशन प्रकरणातला ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश. प्रथम खबर अहवाल नोंदल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दुर्गम भागासाठी ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहण्याची सोय याच आदेशाच्या वाटेवरची. जिल्हा, ठाणे आणि तारखांची मर्यादा निवडली की यादी उघडते. अदखलपात्र तक्रारीची नोंद, जिला सगळे एन.सी. म्हणतात, आणि आकस्मिक मृत्यूची नोंद, जिला विदर्भात मर्ग म्हणतात, ही वेगळी रजिस्टरे आहेत. ती एफआयआरच्या यादीत शोधू नयेत.

पहिल्या नोंदीनंतर तपासाचा काळ येतो आणि हा काळ बराचसा बंद असतो. तो बंद असण्याला कारणे आहेत. साक्षीदाराचे नाव वेळेआधी फुटले तर त्याचा जीव धोक्यात येतो. तरीही फिर्यादी अंधारात राहू नये म्हणून नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये तरतूद आहे, की तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावे. तपास संपल्यावर दोन वाटा फुटतात. पुरावा असेल तर दोषारोपपत्र. नसेल तर महाराष्ट्रात ज्याला समरी म्हणतात तो अहवाल. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी समरी म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. या तीन अक्षरांमधला फरक न कळल्याने खरे बोललेली कित्येक माणसे गावात खोटारडी ठरतात. ‘केस बंद झाली’ असे ऐकल्यावर अभ्यासकाने विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे, कोणत्या समरीने?

दोषारोपपत्राबद्दल एक गैरसमज इथेच दूर करू. एफआयआर संकेतस्थळावर येतो, मग दोषारोपपत्रही यावे, अशी मागणी पत्रकार सौरव दास यांनी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी ती नाकारली. दोषारोपपत्र सर्वांसाठी प्रसिद्ध करायचा दस्तऐवज नाही, त्याने आरोपी, पीडित आणि तपास या सर्वांचेच नुकसान होऊ शकते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. आरोपीला त्याची प्रत विनामूल्य मिळते आणि वकिलामार्फत उभ्या राहिलेल्या पीडितालाही. त्रयस्थाने ती मिळेल असे गृहीत धरू नये.

न्यायालयात पोहोचलेल्या प्रकरणाचा माग काढणे आज पूर्वीच्या मानाने पुष्कळ सोपे झाले आहे. ई-कोर्ट प्रकल्प २००७ च्या सुमारास सुरू झाला आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक आकडेवारीचे जाळे खुले झाले. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो : दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटी वर्ष. तो हाती असेल तर पुढची तारीख, आजवरच्या तारखा, आदेश, सगळे एका पानावर दिसते. नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे होतात आणि एकाच नावाची चार माणसे एका तालुक्यात असतात. म्हणून माझा आग्रह एफआयआर क्रमांकाने शोधण्याचा आहे. ठाणे निवडा, क्रमांक आणि वर्ष टाका, प्रलंबित आणि निकाली हे दोन्ही पर्याय तपासा.

हा आग्रह का? कारण वाटेत बाकीचे क्रमांक बदलत जातात. जामीन अर्जाला वेगळा क्रमांक मिळतो. मालेगावात नियमित फौजदारी खटला, म्हणजे आर.सी.सी. म्हणून चढलेले प्रकरण वाशिमला सत्र खटला झाले की नवा क्रमांक घेते. अपिलात पुन्हा नवा. नागपुरात पुन्हा नवा. या सगळ्या प्रवासात न बदलता राहतो तो जऊळक्याच्या ठाण्याचा अपराध क्रमांक. धागा म्हणतो तो हाच.

पडद्यावर सगळे मिळत नाही. साक्षी, निशाण्या, पंचनामे यांच्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात जावे लागते. निकालाची प्रत आरोपीला आणि इतर कोणाला, केव्हा मिळते हे नव्या संहितेचे कलम ४०४ सांगते आणि निकालाशी थेट संबंध नसलेल्यांनाही उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, फी भरून प्रत देता येते. अर्जात प्रकरण क्रमांक, हव्या असलेल्या कागदाचे नेमके वर्णन आणि आपले प्रयोजन स्वच्छ शब्दांत लिहावे. पुष्कळ जण इथे माहिती अधिकाराचा अर्ज करतात आणि परत येतात. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले, की न्यायिक कागदांच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकाराने घ्यायच्या नाहीत. माहिती अधिकाराची खरी जागा पोलिसांकडे आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका विषयापुरता आटोपशीर अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. तपासाला अडथळा येईल ती माहिती कलम ८(१)(ज) खाली नाकारता येते, पण ‘तपास चालू आहे’ एवढे तीन शब्द लिहून भागत नाही. अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटले आहे.

आणि एखाद्या सकाळी न्यायालयात प्रत्यक्ष जाऊन बसावे. दाराबाहेर दिवसाच्या कामकाजाची यादी लावलेली असते. नावाचा पुकारा होतो, माणूस आत येतो, तारीख मिळते, माणूस जातो. हे सगळे रोजनाम्यात दोन ओळींत उतरते : आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर, प्रकरण पुढील तारखेस. अशी पानेच्या पाने सलग वाचली की खटला का लांबला, कुणामुळे लांबला, हे कुणालाही न विचारता समजते. वाशिम-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी एका ठाण्याच्या एका वर्षाच्या सगळ्या अपराध क्रमांकांचा माग शेवटपर्यंत काढला, तरी आपल्या भागाच्या न्यायव्यवस्थेचे खरे चित्र उभे राहील. दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ पासून निघतो आहे. त्यात राज्ये आणि जिल्हे दिसतात, माणसाचा प्रवास दिसत नाही. तो दाखवण्याचे काम स्थानिक अभ्यासकाचे आहे.

आता मर्यादांविषयी, आणि हे मी या प्रस्तावनेतले सर्वांत जबाबदारीचे पान मानतो. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गावाचे नाव, नाते, शाळा यांवरून ओळख पटत असेल तर तेही लिहायचे नाही. जऊळक्यासारख्या भागात ‘अमुक वस्तीवरील शेतमजुराची मुलगी’ एवढे म्हटले तरी सगळे कळते. कायद्याशी संघर्षात आलेल्या अठरा वर्षांखालील मुलाचे नाव बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने झाकलेले आहे आणि तसेच राहिले पाहिजे. अमेरिकेत कित्येक काऊंटींची शेरीफ कार्यालये अटक झालेल्यांची यादी छायाचित्रासह लोकांपुढे ठेवतात, खासगी कंपन्या ती गोळा करून विकतात आणि निर्दोष सुटलेल्या माणसाचा तो फोटो वर्षानुवर्षे त्याच्या मागे लागतो. आपण ती वाट धरू नये.

या भूमीला तर नोंदीच्या अत्याचाराचा जुना अनुभव आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मताच रजिस्टरात चढत असे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या बेड्यावर आधी जाण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंडगिरीच्या इतिहासपत्रकांबाबत बजावले, की ती पोलिसांच्या अंतर्गत वापराची असून समाजाच्या किंवा जातीच्या पूर्वग्रहातून उघडायची नाहीत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांच्या रजिस्टरांतला जातीचा रकानाच काढून टाकण्याचा आदेश झाला. रकाना हा कधीच निष्पाप नसतो, हे या दोन निकालांनी शिकवले. आपण जे वह्यांमध्ये उतरवून घेणार आहोत, त्यालाही हेच लागू आहे.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना एकच पथ्य सांगतो. अटकेची नोंद लिहिली, तर तिच्यापुढे निकालाची जागा मोकळी ठेवा आणि ती भरल्याशिवाय वही मिटू नका. खटला प्रलंबित असेल तर ‘प्रलंबित’ असे तारखेसह लिहा. माणूस सुटला असेल तर जितक्या ठळक अक्षरात अटक लिहिली तितक्याच ठळक अक्षरात सुटका लिहा. स्वतःच्याच घरातल्या माणसाचा शोध असेल आणि वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वाशिमच्या कार्यालयात जा किंवा १५१०० या क्रमांकावर बोला. ती मदत कायद्याने तुमची आहे.

प्रथम खबर अहवालाच्या पंधराव्या, म्हणजे शेवटच्या रकान्यात लिहायचे असते : न्यायालयाकडे पाठविल्याची तारीख व वेळ. ठाण्यातला पहिला कागदही आपण होऊन न्यायालयाकडे बोट दाखवतो. तो वाचणाऱ्याने तिथवर गेलेच पाहिजे.